फर्नांडो आमोर्सोलो : पाठीमागचा उजेड, आणि तीच ती भातलावणी?

गेरू_आणि_काजळ (धागाकर्ता)
फिलिपाइन्सच्या फर्नांडो आमोर्सोलोबद्दल (१८९२–१९७२) आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. पण त्याची भातलावणीची चित्रं नेटवर बहुतेकांच्या नजरेखालून गेलेली असतात. सूर्य माणसांच्या मागे, चेहरे सावलीत, आणि डोक्यावरच्या सालाकोटच्या (वेताबांबूच्या रुंद टोपीच्या) कडेला पेटल्यासारखी पिवळी रेघ. प्रश्न दोन आहेत.
१) हा मागचा उजेड तैलरंगात नक्की कसा बांधतात? बघायला सोपा वाटतो, करायला गेलं की माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो.
२) त्याने १९३९ पर्यंत जे कमावलं तेच पुढची तीस वर्षं विकलं, असं माझं मत आहे. पटत नसेल तर खोडून काढा.

पॅलेट_नाइफ
दुसऱ्या प्रश्नावर भांडायच्या आधी माणूस कुठून आला ते बघू, कारण त्याचं कमावणं आणि विकणं पहिल्यापासून एकत्रच चाललेलं आहे.

जन्म मनिलाच्या पाको भागातला, बालपण बिकोल प्रदेशातल्या दाएतला. वडील लवकर गेले, आई मुलांना घेऊन मनिलाला आपल्या चुलतभावाकडे आली. हा चुलतभाऊ म्हणजे फाबियान दे ला रोसा, त्या काळचा नावाजलेला चित्रकार. पोरगा त्याच्या हाताखाली शिकला आणि घरखर्चाला हातभार म्हणून जलरंगातली पोस्टकार्डं दहा सेंतावोला एक या भावाने विकू लागला. १९०८ मध्ये ‘लेयेंदो पेरिओदिको’ला मनिलाच्या प्रदर्शनात दुसरं बक्षीस. १९०९ मध्ये फिलिपाइन्स विद्यापीठाचं कलाविद्यालय सुरू झालं, तिथे तो दाखल झाला आणि १९१४ ला बाहेर पडला. मग सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन, एका व्यापारी कंपनीत मुख्य चित्रकार, शिवाय विद्यापीठात अर्धवेळ शिकवणं. त्यानंतर एन्रिके सोबेल दे आयाला या उद्योजकाने पैसे दिले म्हणून माद्रिदच्या सान फर्नांडो अकादमीत सुमारे सात महिने. परतताना न्यूयॉर्क.

हे सात महिने लोक फार फुगवून सांगतात. हात तयारच होता. माद्रिदमध्ये त्याला वेलास्केझ समोर उभं राहून बघता आला, आणि सोरोया या स्पॅनिश चित्रकाराचं ऊन.

फुकटचा_सल्ला
यातली सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेली कलाकृती राहिली. गिनेब्रा सान मिगेल या जिनच्या बाटलीवरचं लेबल, सैतानाला पायाखाली घेतलेला सेंट मायकेल, १९१७. राष्ट्रीय कलाकाराचं चित्र रोज संध्याकाळी टेबलावर. असं भाग्य किती चित्रकारांच्या वाट्याला येतं!

पॅलेट_नाइफ
हो, आणि ती भट्टी तेव्हा आयाला घराण्याचीच होती. म्हणजे शिष्यवृत्ती आणि लेबल एकाच दारातून.

तैलबुद्धी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबेल.

माणूस चिकटवल्यासारखा दिसतो त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: आकृतीभोवती सगळीकडून सारख्या जाडीची उजेडाची रेघ. आमोर्सोलोच्या १९२०-३० च्या दशकातल्या चांगल्या चित्रांत ती रेघ तुटक आहे. खांद्यावर, जिथे आकार सावकाश वळतो, तिथे ती रुंद पट्टी होते. मनगटावर केसासारखी बारीक. कोपराच्या आतल्या बाजूला नाहीच. आणि निम्म्या ठिकाणी सावलीतली कड मागच्या झाडीत विरघळून गेलेली असते.

दुसरं म्हणजे आकाश. रेघ पेटलेली दिसायला हवी असेल तर तिच्या मागचं काहीही तिच्याइतकं उजळ असून चालत नाही. काळा १ आणि पांढरा १० अशी पट्टी धरा. कडेचा उजेड ९ ते १०. आकाश ७, फार तर ८. सावलीतला चेहरा ४ ते ५. नाकपुडी, ओठांची फट, पदराखालची जागा २. बहुतेकजण आकाश ९ ला नेऊन ठेवतात, मग रेघेला वर जायला जागाच उरत नाही, आणि ती भरपाई चेहरा काळा करून केली जाते.

तिसरं, सावलीचा चेहरा. तो अंधारात नाही, फक्त सूर्याकडे पाठ आहे. समोरचं आकाश त्याच्यावर थंड उजेड टाकतं आणि पायाखालची जमीन किंवा पाणी खालून उबदार उजेड परत फेकतं. म्हणून कपाळ आणि गालाचा वरचा भाग निळसर करड्याकडे, हनुवटीची खालची बाजू, नाकाचा तळ, दंडाची खालची बाजू नारिंगी-तांबूस. चेहरा सावलीत असून जिवंत वाटतो तो या गरम-थंड अदलाबदलीने, टोन (उजेड-अंधाराची पातळी) जवळजवळ न बदलता.

करायचा क्रम (१६ बाय २० इंचाचा कॅनव्हास धरून):
यलो ऑकरमध्ये चिमूटभर बर्न्ट सिएना, भरपूर टर्पेंटाइन, सगळीकडे फासून फडक्याने पुसून घ्या, एक दिवस वाळू द्या. चारकोलने आकृती नाही, सावलीचा आकार काढा. डोकं, मान, खांदा वेगळे न धरता एकच मास (सलग गडद आकार). तो मास अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि ऑकरने पातळ भरा. इथे पांढरा जवळपास बंद. सावलीत पांढरा गेला की खडूची भुकटी सांडल्यासारखं दिसतं. मग आकाश आणि शेत, मग सावलीच्या आतले गरम-थंड फरक, आणि सगळ्यात शेवटी कडेचा उजेड जाड रंगात. आठ-दहा भाग पांढऱ्याला एक भाग कॅडमियम यलो लाइट. नुसता पांढरा लावलात तर तो थंड पडतो आणि उन्हाऐवजी ट्यूबलाइट वाटते.

ही आमोर्सोलोच्या पॅलेटची यादी म्हणून देत नाही. आजच्या दुकानात मिळणाऱ्या रंगांत तोच परिणाम मिळवायची रीत आहे.

कोरा_कॅनव्हास
शेवटचा फटकारा मारला की तो खालच्या ओल्या सावलीला ओढतो आणि चिखल होतो. यावर काय?

तैलबुद्धी
दोन मार्ग. सावली भरतानाच कडेची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी कोरी सोडा आणि उजेड त्या कोऱ्या जागेत बसवा. किंवा थांबा. बर्न्ट सिएना, अंबर हे मातीचे रंग लवकर वाळतात, पातळ थर दोन-चार दिवसांत हाताला लागेनासा होतो. पावसाळ्यात जास्त धरा. सावलीत आयव्हरी ब्लॅक घातला असेल तर तो फार सावकाश वाळतो, हाही काळा टाळायचा एक मुद्दा. आणि ब्रश: प्रत्येक फटकाऱ्यानंतर पुसायचा. एका भरलेल्या ब्रशने एक फटकारा, परत त्यावर जायचं नाही.

अजून एक. कडेचा पिवळा आणि सावली यांच्यामध्ये नारिंगी-लालसर बारीक पट्टी लागते, विशेषतः कान, बोटं, नाकाचा शेंडा इथे. उजेड कातडीच्या आत शिरून बाहेर येतो त्याची ती खूण. ती नसली की कातडी प्लॅस्टिकची होते.

स्पॉटवाला
यात वेळेचा मुद्दा राहतोय. मनिला १४.६ अंश उत्तर, पणजी १५.५. म्हणजे सूर्याची चाल जवळपास आपल्या गोवा-कोकणासारखीच. या पट्ट्यात मे महिन्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा कडेचा उजेड फक्त टोपीवर आणि खांद्यावर पडतो, चेहऱ्याची बाजू कोरडी जाते. बॅकलाइट हवा तर सूर्य क्षितिजापासून साधारण १५ ते ३० अंशांवर हवा. तो तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे हातात उणापुरा एक तास. त्यात मोठा कॅनव्हास होत नाही. आमोर्सोलो सतत रेखाटनं करत असे, ती याचसाठी कामाची: जागेवर छोटं टिपण, आकृत्यांचे अनेक अभ्यास, मोठं काम स्टुडिओत.

आणि त्याने भातलावणी इतकी का निवडली याचं एक साधं चित्रकारी कारण आहे. चिखलणी झालेलं खाचर म्हणजे आडवा आरसा. वाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर खालून उजेड येतो, जो कोरड्या शेतात एवढा मिळत नाही. लोक त्यात फक्त देशप्रेम आणि पर्यटन शोधतात.

फोटोवरून करणाऱ्यांसाठी: मोबाइल बॅकलाइटमध्ये आकाश पांढरंफट करतो नाहीतर चेहरा काळा. दोन फोटो काढा, एकदा आकाशावर बोट ठेवून आणि एकदा चेहऱ्यावर, आणि दोन्ही समोर ठेवून काम करा.

चहाटळ
बोटांतून येणाऱ्या लाल उजेडाचा विषय निघाला आणि चित्रकार हळदणकरांची समई हातात घेतलेली बाई कुणालाच आठवली नाही? म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधली. ज्योत हाताआड लपवलेली, बोटं आतून पेटलेली. आणि तेही जलरंगात!

तैलबुद्धी
उदाहरण चपखल, पण तिथे उलटी कसरत आहे. जलरंगात सगळ्यात उजळ जागा म्हणजे कोरा कागद, ती पहिल्यापासून राखावी लागते. आमोर्सोलो ती शेवटी वर चढवतो. शिवाय हळदणकरांच्या चित्रात उजेडाचा उगम आकृतीच्या पुढ्यात आहे, त्यामुळे चेहरा उजळ आणि पाठ अंधारात. इथे बरोबर उलट.

गेरू_आणि_काजळ
पहिल्या प्रश्नाचं सोनं केलंत. पण दुसऱ्याला सगळे बगल देताहेत :)

इतिहासाची_वही
बगल नाही, घ्या.

‘राइस प्लांटिंग’ १९२२ चं. ते पोस्टरांवर आणि पर्यटन पत्रकांवर छापलं गेलं आणि तिथून मागणीचं गणित बदललं. फिलिपाइन्सवर तेव्हा अमेरिकेचं राज्य. अमेरिकन अधिकारी, व्यापारी, प्रवासी यांना घरी न्यायला उष्ण देशाचं ऊन, हसरी मुलगी आणि हिरवं शेत हवं होतं. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल आर्ट गॅलरीत त्याचं प्रदर्शन झालं. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात शेतमजुरांच्या दुपारच्या जेवणाच्या चित्राला पहिलं बक्षीस. १९३८ ते १९५२ तो विद्यापीठाच्या कलाविद्यालयाचा संचालक. त्यामुळे त्याची पद्धत हाच अभ्यासक्रम झाला.

विरोधही तेवढाच जुना. अमेरिकेत शिकून आलेल्या व्हिक्टोरिओ एदादेस या चित्रकाराने १९२८ मध्ये मनिलाच्या फिलिपाइन कोलंबियन क्लबात प्रदर्शन भरवलं. त्यातलं ‘द बिल्डर्स’ बघा: मातकट रंग, वेडेवाकडे झालेले राबणारे देह, ऊन नाहीच. लोक भडकले. पुढे एदादेसभोवती ‘थर्टीन मॉडर्न्स’ हे आधुनिक चित्रकार जमले आणि १९४८ मध्ये परंपरावादी शिल्पकार गिलेर्मो तोलेंतिनो विरुद्ध एदादेस असा वाद छापून गाजला. आमोर्सोलो त्यात बोलायला फारसा पुढे आला नाही. त्याच्या नावाने बाकीचे भांडले.

मनिलाच्या एर्मिता भागातल्या माबिनी रस्त्यावर युद्धानंतर त्याच्या धर्तीची चित्रं रांगेने विकली जात. तेव्हा साचा झाला हे खरं. तो साचा त्याने स्वतः किती वापरला आणि माबिनीवाल्यांनी किती, हे वेगळं मोजायला हवं.

सावलीचा_रंग
गेरू, तुमची १९३९ ची सीमारेषा मला मान्य नाही, कारण त्यानंतर लगेच त्याची सगळ्यात ताकदीची कामं येतात. जपानी ताब्यातली आणि १९४५ ची मनिला. शहर जळतानाची चित्रं, बाजारात खुरडणारी माणसं, आणि १९४५ चं ‘डिफेन्स ऑफ अ फिलिपिना वुमन्स ऑनर’. हातात बोलो (कोयता) घेतलेला पुरुष, मागे बाई, जपानी सैनिक चित्रात नाहीच, फक्त पायाशी पडलेली त्याची टोपी.

उजेडाकडे बघा. माणसांच्या मागून येणारी धग, सावलीतले चेहरे, पेटलेल्या कडा, सगळं व्याकरण भातलावणीचंच. बदललाय फक्त उगम: सूर्याच्या जागी आग. आणि तेवढ्याने पूर्ण मांडणी बदलावी लागते. धुरामुळे वरून येणारा निळा उजेड बंद होतो, म्हणून सावलीतला थंडपणा जाऊन तपकिरी-करडा येतो. आग खाली आणि हलती, त्यामुळे कडा एकाच बाजूने नाही, दोन-तीन बाजूंनी आणि कमी-जास्त. आकाशाचं टोन ७ वरून ४ वर उतरतं. ज्याच्या हातात फक्त साचा आहे त्याला हे जमत नाही. साच्यात ऊन ओतलेलं असतं.

गेरू_आणि_काजळ
युद्धातली चित्रं बाजूला काढली तरी १९५० नंतरचं काय?

पॅलेट_नाइफ
तिथे तुमच्याशी अर्धा सहमत. १९५० पासून शेवटपर्यंत महिन्याला सरासरी दहा चित्रं असा त्याचा वेग सांगतात. म्हणजे तीन दिवसांना एक. वर दिलेला क्रम परत वाचा: नुसतं सावलीचा थर वाळायलाच तेवढे दिवस जातात. म्हणजे एकतर एकाच वेळी पाच-सहा कॅनव्हास फिरवायचे, नाहीतर ओल्यावर ओलं एका बैठकीत संपवायचं आणि मधले टप्पे गाळायचे. गाळले जातात ते नेहमी सावलीतले गरम-थंड फरक, कारण गिऱ्हाईक ते मागत नाही. गिऱ्हाईक पिवळी रेघ मागतं. उत्तरकाळातल्या कमकुवत चित्रांत नेमकं हेच दिसतं: रेघ झकास, चेहरा एकरंगी.

दोन लग्नांची मिळून चौदा मुलं होती, हेही हिशेबात धरा. शिवाय मधुमेह, संधिवात, मोतीबिंदू.

फुकटचा_सल्ला
चौदा मुलं असताना महिन्याला दहा चित्रं. मी तर म्हणतो कमीच काढली.

कोरा_कॅनव्हास
मोतीबिंदूने रंग बदलले असतील का? पिवळे जास्त होणं वगैरे?

जुनं_व्हार्निश
डोळ्याचं भिंग पिवळं पडलं की निळा कमी पोचतो हे खरं. पण आमोर्सोलोची चित्रं सोनेरी दिसण्याला डोळ्यांपेक्षा व्हार्निश जास्त जबाबदार असतं. डामरसारखं नैसर्गिक राळेचं व्हार्निश काही दशकांत पिवळं-तपकिरी होतं. उजेडाच्या कडा त्यातून आणखी उबदार दिसतात, बघणारा खूश. मार बसतो तो सावलीतल्या निळसर करड्याला; तो हिरवट किंवा मातकट होतो. मग लोक अशा न साफ केलेल्या चित्राच्या छापावरून नक्कल करतात आणि चेहरे तपकिरी रंगवतात. वर ज्या एकरंगी चेहऱ्यांचा विषय निघाला, त्यातले काही व्हार्निशखाली दबलेले असू शकतात. म्हणून छाप बघून निकाल देऊ नका.

दमट हवेचंही ऐका. लिननचा कॅनव्हास ओल धरतो, सैलावतो, उन्हाळ्यात ताणतो, आणि वर जाड रंगाच्या ज्या रेघा आहेत त्याच आधी तडकतात. पांढरा झिंक असेल तर तडे अजून लवकर, कारण तो वाळून ठिसूळ होतो. मनिला काय आणि मुंबई काय, भिंतीला टेकून लावू नका. मागे बूच चिकटवून बोटभर हवा खेळती ठेवा.

नकलांबद्दल: सही बघून काही कळत नाही. अतिनील दिव्याखाली जुनं राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं. सही त्याच्या वर काळी दिसली तर ती नंतर केलेली. रंगद्रव्यं तपासली तर आणखी पक्कं: थॅलो ब्लू १९३५ मध्ये बाजारात आला, त्यामुळे १९२५ ची तारीख असलेल्या चित्राच्या मूळ थरात तो सापडला तर विषय संपला. नुसत्या डोळ्यांनी बघायचं तर तैलबुद्धींची खूण वापरा, अखंड सारख्या जाडीची रेघ हा नकलाकाराचा हात.

चहाटळ
म्हणजे इथले सगळे नवशिके कायद्याने नकलाकार ठरले.

इतिहासाची_वही
गेरूंच्या मूळ आरोपात एक गोष्ट मात्र टिकते, आणि ती उजेडाची नाही, चेहऱ्याची आहे. त्याने आपली आदर्श फिलिपिना शब्दांत सांगून ठेवली आहे: चेहरा लांबट नाही, गोल, डोळे चंचल, नाक बसकं पण ठसठशीत, वर्ण ना गोरा ना गडद सावळा, लाजलेल्या मुलीसारखा ताजा. हीच बाई १९२० च्या ‘पालाय मेडन’मध्ये आहे, १९३६ च्या ‘दालागांग बुकिद’मध्ये आहे आणि पुढे शेकडो ठिकाणी. उजेड तो प्रत्येक वेळी नव्याने सोडवत असेल, चेहरा नाही. एदादेसला डाचत होतं ते हेच: राबणारी बाई कधी दमत नाही.

दे ला रोसाचीही भातलावणी आहे. दोन्ही शेजारी ठेवा. गुरूचे रंग करडे, हवा ढगाळ, माणसं कामात. शिष्याने ऊन आणलं आणि कष्ट काढून टाकले.

सावलीचा_रंग
कष्ट काढून टाकले हे युद्धाआधीच्या कामाबद्दल कबूल. म्हणूनच १९४५ ची चित्रं मोजायची.

गेरू_आणि_काजळ
मग मत असं दुरुस्त करतो: सीमारेषा १९३९ नाही, साधारण १९५० घ्यावी. आणि साचा उजेडात नाही, चेहऱ्यात शोधावा. २४ एप्रिल १९७२ ला तो गेला आणि त्याच वर्षी पहिला राष्ट्रीय कलाकार ठरला. पण असा किताब मिळाला की लोक शंभरावी धोबीण आणि १९४५ ची आग एकाच मापाने तोलतात, ही माझी तक्रार शिल्लक आहे.

पॅलेट_नाइफ
ही तक्रार मान्य. ज्यांना स्वतः तोलायचं आहे त्यांनी मनिलातलं राष्ट्रीय ललितकला संग्रहालय आणि विद्यापीठातलं वार्गास संग्रहालय, दोन्ही बघावीत. २००८ मध्ये सात संग्रहालयांनी मिळून त्याचं सिंहावलोकन केलं होतं, त्यावरून पसारा किती ते कळेल.

कोरा_कॅनव्हास
शेवटचा प्रश्न, मग पळतो. त्याच्या बायकांच्या बाह्यांमधून उजेड आरपार येतो. अननसाच्या तंतूंचं ते ‘पिन्या’ कापड. मी पांढरा वाढवला की बाही पुठ्ठ्याची होते.

तैलबुद्धी
पांढरा वाढवू नका, मागचं आधी रंगवा. बाहीच्या जागी मागचं शेत आणि आतला दंड सरळ पूर्ण करा, चांगलं वाळू द्या. मग पांढऱ्यात ऑकरचा कण घालून, थोडं जवसाचं तेल मिसळून पातळ केलेला थर कोरड्या ब्रशने घासा, अपारदर्शक भरू नका. दंडाला कापड चिकटतं तिथे दंड गडद दिसतो, फुगलेल्या भागात कापड मागच्या शेतापेक्षा उजळ आणि उबदार. जिथे कापडाच्या दोन घड्या एकावर एक येतात तिथेच दुसरा थर. शुद्ध जाड पांढरा-पिवळा फक्त बाहीच्या वरच्या कडेला, दोन फटकारे. तिसरा मारायचा मोह झाला की ब्रश खाली ठेवा.

कोरा_कॅनव्हास
दंड पूर्ण वाळायला किती?

तैलबुद्धी
आठवडा. कॅडमियम वापरला असेल तर दोन. पावसाळ्यात विचारू नका.